लॉग होम बांधण्यापूर्वी मॉडेल होम पाहताना नेमके काय पाहावे?

रानवाट (केरी, नॉर्थ कॅरोलायना)

नमस्कार मंडळी,

नॉर्थ कॅरोलायनाच्या वायव्य कोपऱ्यातल्या ॲश काउंटीत आम्ही डोंगरउतारावर जागा घेतली असून तिथे ओंडक्यांचे घर, म्हणजेच लॉग होम, बांधायचे ठरवले आहे. निवृत्तीनंतर आम्हा दोघांना कायमचे तिथेच राहायचे आहे, त्यामुळे हे केवळ सुट्टीपुरते घर नाही. बाराही महिने नांदते राहील आणि दर उन्हाळ्यात पुण्याहून येणाऱ्या माझ्या सासूबाईंनाही सुखाने वावरता येईल, असे घर आम्हाला हवे आहे.

शेजारच्या पूर्व टेनेसीत अशी घरे तयार करून देणाऱ्या बऱ्याच कंपन्या आहेत आणि त्यांतल्या काहींनी हमरस्त्यालगत मॉडेल होम, म्हणजे ग्राहकांना दाखवण्यासाठीची नमुना घरे, उभारली आहेत. त्यांतले एक आम्ही नुकतेच पाहिले. दोन मजली उंचीचा दिवाणखाना, दगडी शेकोटी, समोर छतापर्यंत काचा आणि सगळीकडे लाकडाचा वास. मन प्रसन्न झाले हे खरे. मात्र कंपनीच्या प्रतिनिधीने दाखवले ते बहुतेक सजावटीच्या अंगाचे होते. भिंत कशी रचली आहे, कोपरे कसे जुळवले आहेत, वीस वर्षांनी यातले काय टिकेल, याबद्दल त्या फेरीत फारसे काही हाती लागले नाही.

पुण्यात सॅम्पल फ्लॅट पाहायला गेले, की कार्पेट एरिया किती, पाणी किती वेळ येते, पार्किंग कुठले, हे प्रश्न कोणालाही आपसूक सुचतात. ओंडक्यांच्या घराच्या बाबतीत असे मुळातले प्रश्न कोणते? आणखी काही मॉडेल होम पाहण्याचा बेत आहे, त्याआधी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती. ओंडके भट्टीत सुकवलेले घ्यावेत की ओले, गोल की सपाट, आणि आठ इंची लाकडाची भिंत डोंगरातल्या थंडीला पुरेल का, या शंका विशेष आहेत.

डेन्व्हरकर

रानवाट, प्रथम अभिनंदन. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर असून कोलोराडोतल्या ओंडक्यांच्या घरांची तपासणी हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

हे घर खाली बसते, ही गोष्ट सर्वांत आधी मनात पक्की धरावी. पाया खचतो असे नव्हे, तर भिंतीची उंचीच कमी होते. लाकडातला ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या खाली उतरला की ते आकसू लागते. हे आकसणे जाडीत होते, लांबीत जवळजवळ होतच नाही. ओंडके आडवे रचलेले असल्यामुळे प्रत्येकाची जाडी थोडीथोडी घटते आणि ती सगळी घट भिंतीच्या उंचीत जमा होते. ओल्या ओंडक्यांच्या, हाताने घडवलेल्या घरासाठी फूटभर उंचीमागे पाऊण इंच, म्हणजे सुमारे ६ टक्के घट धरण्याची रीत आहे. आठ फुटी भिंतीत ती सहा इंचांच्या आसपास जाते. भट्टीत सुकवून ओलावा १९ टक्क्यांवर किंवा त्याखाली आणलेल्या ओंडक्यांत हे प्रमाण बरेच कमी असते, पण शून्य नसते, कारण हिवाळ्यात घर गरम ठेवले की लाकूड आणखी वाळते. आपण दोघे निवृत्तीनंतर राहणार आहात, त्यामुळे माझे मत भट्टीत सुकवलेल्या ओंडक्यांकडे झुकते. देखभालीतली एक मोठी कटकट त्यामुळे हलकी होते.

आता भिंत खाली येते, पण त्याच घरातले उभे खांब आणि दगडी धुराडे येत नाहीत. या दोहोंचा मेळ बांधणाऱ्याने कसा घातला आहे, तेच मॉडेल होममध्ये पाहायचे असते. मी प्रथम खिडकीच्या वरची पट्टी पाहतो. खिडकीची चौकट आणि तिच्यावरचा ओंडका यांच्यामध्ये मुद्दाम मोकळी जागा ठेवून तीत मऊ इन्सुलेशन भरलेले असते. ही जागा झाकणारी लाकडी पट्टी फक्त वरच्या ओंडक्याला खिळलेली असते, म्हणजे भिंत बसेल तशी ती चौकटीवरून खाली सरकते. तीच पट्टी चौकटीलाही खिळलेली दिसली, तर पुढे एक दिवस भिंतीचा भार खिडकीवर येणार आणि काच तडकणार किंवा पल्ला अडकणार, हे नक्की समजावे. ही जागा बांधताना किती ठेवली होती आणि आज त्यातली किती उरली आहे, असे प्रतिनिधीला स्पष्ट विचारा. उत्तर इंचांत मिळाले पाहिजे.

त्यानंतर खांब पाहा. पोर्चच्या आणि माळ्याखालच्या खांबांच्या तळाशी किंवा माथ्याशी लोखंडी स्क्रू जॅक असतो. भिंत बसत जाईल तसा तो अधूनमधून फिरवून खांबही तेवढाच खाली घ्यावा लागतो. मॉडेल होममध्ये तो सुबक लाकडी झाकणाआड असतो, ते काढून दाखवायला सांगण्यात संकोच करू नये. माळ्यावर गेलात की जमिनीवर एक गोटी ठेवा. ती बाहेरच्या भिंतीच्या दिशेने घरंगळली, तर भिंत बसली पण मधले खांब कोणी खाली घेतले नाहीत, असा संशय घेण्यास जागा आहे. ज्या कंपनीला स्वतःच्या मॉडेल होमचे जॅक फिरवायला सवड नाही, ती तुम्हाला त्याची आठवण करून देईल अशी आशा ठेवू नये.

यासाठीच प्रत्येक मॉडेल होमचे वय विचारावे. नवे कोरे घर अजून बसायचे असते, त्यामुळे ते फारसे काही सांगत नाही. दहा-पंधरा वर्षे उभे असलेले मॉडेल होम, त्याचा रंग थोडा विटलेला असला तरी, माझ्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे.

गोल की सपाट, हा बराचसा आवडीचा प्रश्न आहे. बाहेरून गोल आणि आतून सपाट असे ओंडकेही मिळतात. मात्र कोपऱ्याच्या सांध्याकडे लक्ष द्यावे. जिथे खाच वरच्या ओंडक्याच्या पोटात कोरलेली असते आणि तो खालच्या ओंडक्यावर खोगिरासारखा बसतो, तिथे पाणी साचत नाही. खाच वर तोंड करून असेल तर तीच पावसाचे भांडे होते.

थंडीबद्दल सांगायचे तर पाइनसारख्या मऊ लाकडाची आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता, इंचामागे साधारण १.२५ धरतात, म्हणजे आठ इंची भिंतीची सुमारे १०. दोन बाय सहा इंची उभ्या लाकडांच्या फ्रेमची, इन्सुलेशन भरलेली भिंत कागदावर याच्या जवळजवळ दुप्पट भरते. पण जाड लाकूड उष्णता साठवून सावकाश सोडते, हा गुण त्या आकड्यात दिसत नाही. १९८१-८२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने मेरीलँडमधील गेदर्सबर्ग येथे सारख्या आकाराच्या सहा लहान इमारती बांधून तुलना केली होती. तीत सात इंची ओंडक्यांच्या इमारतीला उन्हाळ्यात इन्सुलेशन असलेल्या फ्रेमच्या इमारतीपेक्षा बरीच कमी ऊर्जा लागली, हिवाळ्यात मात्र दोन्ही जवळपास सारख्याच ठरल्या. प्रत्यक्षात मला थंडी भिंतीतून शिरताना कमी आणि ओंडक्यांच्या सांध्यांतून व छताच्या कडेने शिरताना अधिक आढळते. म्हणून कंपनीला तिने बांधलेल्या एखाद्या राहत्या घराच्या ब्लोअर डोअर चाचणीचा, म्हणजे दारात मोठा पंखा लावून घरातून हवा किती गळते ते मोजणाऱ्या चाचणीचा, निकाल मागावा, आणि भिंतीपेक्षा छताच्या इन्सुलेशनवर सढळ हाताने खर्च करावा.

सुगरण (शार्लट)

डेन्व्हरकरांनी सांगाड्याबद्दल इतके नेमके लिहिले आहे की त्यात भर घालण्याचा माझा अधिकार नाही. मी अशा घरात बरीच वर्षे संसार केला आहे, तेव्हा घराच्या आतल्या बाजूबद्दल लिहिते.

मॉडेल होममध्ये शिरल्यावर सगळे दिवे मालवायला सांगा. लाकडाच्या भिंती प्रकाश गिळतात आणि म्हणूनच तिथे भर दुपारीही प्रत्येक दिवा चालू ठेवलेला असतो. दिवे मालवल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावर तांदूळ निवडता येतील इतका उजेड आहे का, ते पाहा. उत्तरेकडच्या खोल्या आणि पोर्चच्या छपराखाली येणाऱ्या खिडक्या विशेष अंधाऱ्या असतात. छताच्या आतल्या बाजूला फिकट रंगाची तक्तपोशी घेतली, किंवा आतल्या विभाजक भिंती प्लास्टरबोर्डच्या करून पांढऱ्या रंगवल्या, तर फार फरक पडतो. सगळ्याच भिंती लाकडाच्या असाव्यात असा हट्ट धरू नये असे मला मनापासून वाटते.

दुसरी गोष्ट फोडणीची. स्वयंपाकघर दिवाणखान्याला उघडे, दिवाणखाना माळ्याला उघडा, आणि माळ्यावर झोपायची खोली, अशी रचना जवळजवळ प्रत्येक मॉडेल होममध्ये दिसते. मोहरी तडतडली, लाल मिरची पडली, की तो सगळा खाट सरळ वर जातो आणि उंच छताखाली दिवसभर कोंडून राहतो. मॉडेल होममधल्या शेगडीवरचे हूड पुष्कळदा हवा जाळीतून गाळून परत घरातच सोडणारे असते, तसे ते आहे का ते तपासा. आपल्या स्वयंपाकाला धूर थेट बाहेर टाकणारे हूड लागते. त्याचा पाइप ओंडक्यांच्या भिंतीतून काढायचा की छतातून, हे नकाशावरच ठरले पाहिजे, कारण भिंत रचून झाल्यावर तिला असे मोठे भोक पाडणे कोणालाच आवडत नाही. शेगडीमागची भिंत तर टाइल्सचीच असावी. गोल ओंडक्यांच्या पाठीवर तेलकट वाफ आणि धूळ बसली की ती दर ओंडक्यागणिक पुसावी लागते, आणि कच्च्या लाकडावरचा हळदीचा डाग निघत नाही. देवघराचेही तसेच आहे. समई रोज जिथे तेवणार, त्याच्या वरचे लाकूड काजळी धरते, म्हणून तेवढ्या कोनाड्याला दगड किंवा टाइल लावून घ्या.

विजेच्या बटणांच्या आणि प्लगच्या जागांवर आत्ताच विचार करा. बाहेरच्या भिंतींतल्या तारांसाठी ओंडके रचतानाच उभी भोके पाडलेली असतात, त्यामुळे मिक्सर कुठे, फ्रीज कुठे, पलंगाशेजारचा दिवा कुठे, हे फ्लॅटसारखे नंतर ठरवता येत नाही. मॉडेल होममध्ये एका खोलीतले प्लग मोजून पाहिलेत, तर किती कमी आहेत ते ध्यानात येईल.

आणि सासूबाईंसाठी एवढे जरूर करा, की त्यांच्या वयाच्या कुणाला तरी बरोबर नेऊन तो जिना चढायला लावा. अर्धगोल ओंडक्यांच्या पायऱ्या, मधे उभी फळी नाही, कठडा ओबडधोबड फांद्यांचा, हे फोटोत सुंदर दिसते, परंतु उतरताना पायऱ्यांमधून खालची जमीन दिसते आणि वयस्कर माणसाचा पाय कचरतो. त्यांची झोपायची खोली आणि न्हाणीघर तळमजल्यावर असलेला नकाशाच निवडावा.

जुने जोते (नॉक्सव्हिल, टेनेसी)

तुम्ही ज्या भागात मॉडेल होम पाहत आहात, त्याच भागात मी राहतो आणि अशा घरांची डागडुजी करतो. माझे सांगणे असे, की घराला बाहेरून एक पूर्ण प्रदक्षिणा घातल्याशिवाय आत जाऊ नये, आणि शक्य असेल तर ती पावसात घालावी.

ओंडक्यांच्या घराचा खरा शत्रू पाणी आहे. पश्चिम नॉर्थ कॅरोलायनातल्या काही डोंगरउतारांवर वर्षाला ८० इंचांहून अधिक पाऊस होतो. ॲश काउंटीत तो त्याहून कमी असला तरी हवा दमट असते आणि झाडीमुळे भिंती लवकर वाळत नाहीत. म्हणून वळचण किती बाहेर आली आहे ते पाहा. दोन फुटांपेक्षा कमी असेल तर मला ती अपुरी वाटते. पागोळ्या कुठे पडतात ते पाहा, कारण जमिनीवर आपटून उडणारे पाणी सर्वांत खालच्या ओंडक्याला रोज भिजवत असते. त्यासाठी जोते उंच हवे. जमिनीपासून पहिल्या ओंडक्यापर्यंत दीड फूट अंतर असेल तर मी निर्धास्त असतो. मॉडेल होम बहुधा सपाट, मोकळ्या, उन्हातल्या जागेवर उभे असते. तुमची जागा उताराची आणि झाडीतली आहे, हा फरक प्रत्येक ठिकाणी मनात ठेवून पाहावे.

मग दक्षिणेची आणि पश्चिमेची भिंत पाहा. उन्हाचा मारा तिकडे अधिक असल्यामुळे स्टेन, म्हणजे लाकडाला दिलेला संरक्षक रंग, आधी तिथेच उडतो आणि लाकूड करडे पडते. त्या दोन बाजूंना साधारण तीन ते पाच वर्षांनी पुन्हा स्टेन द्यावा लागतो, शेवटचा हात कधी दिला ते विचारून घ्या. कोपऱ्यांवर बाहेर आलेली ओंडक्यांची तोंडे सर्वांत आधी कुजतात, कारण लाकूड तोंडाकडून पाणी शोषते. लहान हातोडीने किंवा बोटांच्या पेरांनी ठोकून पाहा. निरोगी लाकूड खणखणीत वाजते, आतून कुजलेले बद्द वाजते. तडा पाहून घाबरू नये, प्रत्येक ओंडका वाळताना तडकतोच. मात्र वर तोंड असलेल्या रुंद चिरेत पाणी साचते, ती भरलेली आहे की उघडी ते पाहावे. वळचणीखालच्या फळ्यांवर बोटभर रुंदीचे, अगदी वाटोळे भोक आणि खाली पिवळसर भुसा दिसला, तर ते लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचे काम आहे. त्याच्या अळ्या खायला सुतारपक्षी येतो आणि नुकसान दुप्पट करतो. कंपनी ओंडक्यांना बोरेटची प्रक्रिया करते का, हे विचारा. त्याने वाळवी आणि बुरशी या दोहोंना आळा बसतो, पण उघड्या पावसात बोरेट धुऊन जाते, त्यामुळे वरचा स्टेन शाबूत राखावाच लागतो.

मॉडेल होमपेक्षाही चांगली शाळा आमच्याकडे आहे, ती म्हणजे भाड्याने मिळणारी केबिन. गॅटलिनबर्गच्या आसपास, सेव्हियर काउंटीत, ओंडक्यांची असंख्य घरे सुट्टीसाठी भाड्याने मिळतात. बाहेरून तशी दिसणारी काही घरे प्रत्यक्षात फ्रेमवर ओंडक्याच्या आकाराच्या फळ्या ठोकलेली असतात, म्हणून भिंत सबंध ओंडक्यांची आहे ना, हे आधी विचारून घ्यावे. ज्या जातीचे लाकूड आणि ज्या घडणीची भिंत तुमच्या मनात आहे, तशा घरात हिवाळ्यात राहून बघा. रात्री भिंतीजवळ गार झुळूक लागते का, माळ्यावर उकडते आणि खाली थंडी वाजते का, वरच्याची पावले खाली किती ऐकू येतात, हे विक्री प्रतिनिधीबरोबरच्या तासाभरात कळण्यासारखे नाही. शिवाय ही घरे शेकडो पाहुण्यांनी वापरलेली असतात, त्यामुळे काय झिजते ते उघड दिसते.

इतके आलातच तर केड्स कोव्हला जाऊन १८२० च्या दशकातले जॉन ऑलिव्हर केबिन पाहा. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात ते आजही उभे आहे. त्याचे कोपरे केवळ खाचांनी एकमेकांत अडकवलेले असून स्वतःच्या वजनाने घट्ट बसले आहेत. उद्यानाने त्याची निगा राखली आहे हे खरे, पण खाच बरोबर कापली आणि लाकूड कोरडे राहिले तर काय होऊ शकते, ते तिथे हात लावण्याइतक्या जवळून समजते.

रानवाट (केरी, नॉर्थ कॅरोलायना)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. आम्ही पुढची भेट नोव्हेंबरात ठेवत आहोत आणि त्याला जोडून सेव्हियर काउंटीत राहणार आहोत. माझी एक मामेसासू अटलांटाला असते, तीही जिना चढून पाहायला आनंदाने तयार झाली आहे. आता एकच विचारायचे राहिले. माहितीपत्रकात 'लॉग पॅकेज' म्हणून जी किंमत दिली आहे, ती आणि उभ्या घराची किंमत यांचा संबंध कसा लावायचा?

डेन्व्हरकर

पॅकेज म्हणजे सबंध घर नव्हे, हे ध्यानात घेतले की बाकीचे सोपे जाते. काही कंपन्यांच्या पॅकेजमध्ये फक्त भिंतींचे ओंडके, जोडणीचे लांब स्क्रू आणि सांध्यांचे सीलंट असते, तर काहींमध्ये खिडक्या, दारे, छताचे वासे आणि पोर्चचे खांबही येतात. दोन्हींना नाव एकच असल्यामुळे नुसत्या किमतींची तुलना निरर्थक ठरते. पाया, विहीर, सेप्टिक टाकी, डोंगरावर जाणारा रस्ता, क्रेन, नळकाम, वीज, छप्पर आणि मजुरी हे सहसा वेगळे असते, आणि उताराच्या जागेत पाया व रस्ता हेच दोन खर्च अंदाजाबाहेर जाण्याचा संभव सर्वाधिक असतो.

मॉडेल होममध्ये माहितीपत्रक हातात धरून फिरा आणि दिसेल त्या वस्तूबद्दल 'ही मूळ पॅकेजमध्ये आहे की जास्तीची?' असे विचारत तिथल्या तिथे लिहून घ्या. शेकोटीचा दगड, उंच काचा, माळ्याचा कठडा, जमिनीची रुंद फळी, ओंडक्याचा जिना, हे बहुधा जास्तीचे निघते. ओंडके मान्यताप्राप्त संस्थेकडून ग्रेड केलेले आहेत याचे प्रमाणपत्र मागा. इंटरनॅशनल कोड कौन्सिलचे आयसीसी ४०० हे ओंडक्यांच्या बांधकामाचे मानक २००७ पासून उपलब्ध आहे, त्यानुसार आराखडा करून देणार का, हेही लेखी घ्या. काउंटीच्या इमारत तपासणी विभागाला मॉडेल होमचा नकाशा आधीच दाखवला, तर तिथला बर्फाचा आणि वाऱ्याचा भार धरून छतात काय बदल लागतील ते पैसे भरण्यापूर्वी कळेल.

बँकेकडेही सही करण्याआधी जावे. कंपन्या ओंडके पाठवण्यापूर्वी बरीच रक्कम मागतात, तर बांधकामाचे कर्ज बँक काम पुढे सरकेल तसे हप्त्याहप्त्याने सोडते, त्यामुळे हा मधला पैसा कुठून येणार ते ठरवून ठेवावे लागते. शिवाय मूल्यांकन करणाऱ्याला आसपास विकली गेलेली तशीच घरे तुलनेला लागतात. तुमच्या काउंटीत अशी विक्री अलीकडे झाली आहे का, हे एखाद्या स्थानिक बँकेला विचारलेत तर ती लगेच सांगेल. घराचा विमा उतरवताना जवळचे अग्निशमन केंद्र किती मैलांवर आहे आणि पाण्याचा हायड्रंट आहे का, हे प्रश्न येतीलच, त्यांची उत्तरे जागेच्या कागदपत्रांबरोबर आत्ताच जमवून ठेवा.